जर्मन की अमेरिकन

"चष्मा कधीपासून लागला तुला?" मालपुरे काकूंनी विचारलं.

"सातवीत असताना," मी म्हटलं.

त्यांनी नुसती मान हलवली. तिकडे त्यांचा मुलगा निनाद एका काळ्या यंत्रासमोर गुडघे टेकून बसला होता. मोबाइलचा उजेड यंत्राच्या पोटाखाली पाडून तो दुकानदाराला विचारत होता की आतला पट्टा किती वर्षं टिकतो. माय-लेक एकाच वेळी आणि सारख्याच चिकाटीनं दोन वेगवेगळ्या मालाची तपासणी करत होते. त्यातला एक माल मी होते.

नऊ वर्षं झाली या गोष्टीला. नाशिकच्या गंगापूर रोडवर, एका सायकलच्या दुकानात, रविवारी सकाळी माझ्या लग्नाचं ठरणार होतं किंवा मोडणार होतं. लग्नासारखी गोष्ट टायर, हेल्मेट आणि चेनच्या तेलाच्या बाटल्यांमध्ये का ठरावी, असं कोणी विचारलं तर त्याला कारण निनादच होता.

निनाद मालपुरे आमच्या समाजाच्या वधू-वर मेळाव्यात प्रसिद्ध होता. उंच, सॉफ्टवेअरमध्ये, स्वतःचा फ्लॅट, सुपारीचंही व्यसन नाही. खोट एकच, आणि ती लोक आवाज खाली आणून सांगत. मुलगी बघितली की तो 'कळवतो' म्हणे, आणि कळवत नसे. नकारही देत नसे. त्याला माणसं आवडत नव्हती असं नाही, त्याचा विचार चालू असे. मालेगावच्या एका मुलीचं म्हणे दुसरीकडे लग्न होऊन बारसंही झालं, आणि त्यानंतर यानं तिच्या वडिलांना फोन करून आणखी थोडा वेळ मागितला. हे खरं असेल असं मला वाटत नाही, पण सांगणाऱ्यांना ते पटायचं यातच सगळं आलं.

आणि मला तो आवडला होता, हीच पंचाईत होती. पहिल्यांदा तो आमच्या घरी आला तेव्हा माझी मामी ठोकून देत होती की आमची शर्वरी पुरणपोळीपासून मांड्यांपर्यंत सगळं करते. निनादनं माझ्याकडे बघून विचारलं, "खरंच?" मी नाही म्हटलं. त्यावर त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला, आणि स्वतःला फक्त वरण-भात येतो, तोही कुकर दुसऱ्यानं लावला तर, असं त्यानं सगळ्यांसमोर सांगून टाकलं. मामीनं त्याला मनातून बाद केलं. मी नाही केलं.

दुसऱ्यांदा आम्ही कॉलेज रोडवर कॉफीला भेटलो. एकमेकांना समजून घ्या, असं सांगून घरच्यांनी पाठवलं होतं. त्यानं मला जे समजावून दिलं ते स्मार्ट ट्रेनर नावाच्या वस्तूबद्दल होतं. आपल्या सायकलचं मागचं चाक काढायचं आणि सायकल या यंत्रावर चढवायची. समोर पडदा लावायचा. पडद्यावर आल्प्समधला रस्ता दिसतो, आपण पॅडल मारतो, आणि चित्रातला घाट सुरू झाला की यंत्र पॅडल जड करतं. म्हणजे घाट खोटा आणि घाम खरा. हे सगळं हॉलमध्ये, पंख्याखाली.

"त्र्यंबक रोड काय वाईट आहे?" मी विचारलं. अंजनेरीचा डोंगर त्याच्या गॅलरीतून दिसतो, हे त्यानंच मला सांगितलं होतं.

"रस्त्यावर डेटा स्वच्छ मिळत नाही," तो म्हणाला. "वारा असतो. कुत्री असतात."

तर गेल्या दिवाळीपासून तो दोन ट्रेनरमध्ये निवड करत होता. एक जर्मन, एक अमेरिकन. दोन्ही इतके महाग की त्या पैशात बरी स्कूटर आली असती. जर्मन आवाज कमी करायचा. अमेरिकन जास्त खडा चढ द्यायचा. एवढा चढ नाशिक जिल्ह्यात कुठे आहे, असं मी विचारलं, तर तो म्हणाला, नाहीच, म्हणून तर. जर्मन बावीसशे वॅटची ताकद सोसायचा, अमेरिकन पंचवीसशे. वॅट म्हणजे पायांचा जोर, हे एव्हाना मला कळलं होतं. तुमच्या पायांचा किती, असं विचारल्यावर त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं, मिनिटभर जीव तोडून मारलं तर अडीचशेच्या आसपास. म्हणजे बाकीचे दोन हजार कोणासाठी, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. पण समोरच्या माणसाचे डोळे इतके चमकत होते की मी कॉफी प्यायले.

दोन्ही यंत्रं अचूकतेत मात्र सारखी होती. दोन्ही कंपन्यांचा दावा एकच, आकडा एका टक्क्यापलीकडे चुकणार नाही. त्या एका टक्क्याबद्दल तो जितक्या मायेनं बोलला तितक्या मायेनं माझ्याबद्दल कोणी बोललेलं मला आठवत नव्हतं. घरी येताना मी रिक्षात अक्षरशः धुमसत होते. जर्मनचे गुण मला पाठ झाले होते, अमेरिकनचे दोष पाठ झाले होते, आणि मला भाऊ किती हेसुद्धा त्या माणसाला ठाऊक नव्हतं.

त्यात जळगावचं स्थळ आलं. मोठं धान्याचं दुकान, माणसं मोकळी, फोटो बघूनच त्यांनी होकार कळवला होता. मुलगा चांगला होता, एवढंच त्याच्याबद्दल सांगता येईल. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्यांना रविवारी संध्याकाळी उत्तर द्यायचं कबूल केलं. आईचं म्हणणं स्पष्ट होतं. मालपुऱ्यांकडून तोवर हो आलं तर ठीक, नाही तर जळगाव. ताटकळत बसायला आपली मुलगी काही बसची वाट बघत नाहीये. मला ते पटलं होतं, म्हणून जास्त वाईट वाटत होतं.

मी निनादला फोन करून सरळ सांगितलं की मला रविवारी संध्याकाळच्या आत उत्तर हवंय.

"रविवारीच मी ट्रेनरचंही नक्की करणार आहे," तो म्हणाला. "दुकानात दोन्ही लावून ठेवलेत. तुम्ही तिथेच या ना."

लग्नाचा निर्णय ट्रेनरच्या निर्णयाच्या रांगेत दुसरा उभा होता. मी गेले. का गेले, हे मी नंतर स्वतःला पुष्कळदा विचारलं. जळगावला हो म्हणायच्या आधी त्याला एकदा नीट रागवून घ्यावं, असं काहीतरी मनात असावं.

दुकानात बघते तर काकूही हजर. हॉलमध्ये देव्हाऱ्याशेजारी जे राहायला येणार ते डोळ्यांखालून घालायला आले, असं त्या म्हणाल्या. त्यांचा रोख यंत्रावर होता की माझ्यावर, ते त्यांनी सांगितलं नाही. दुकानदार चांदवडकर एके काळी शर्यती मारलेला माणूस होता. आता पोट सुटलेलं, पण पिंढऱ्या अजून लाकडाच्या. निनाद दिवाळीपासून दर आठवड्याला येत होता. त्याच्या नंतर आलेली गिऱ्हाइकं ट्रेनर घेऊन गेली, वापरून कंटाळली, त्यातल्या एकानं तर विकूनही टाकला, असं चांदवडकरांनी मला हळूच सांगितलं. मी त्यांना सहानुभूती दाखवली. आमची गत एकच होती.

दोन ट्रेनर शेजारी शेजारी, दोन्हींवर एकाच बनावटीची सायकल. निनादनं ठरवलं होतं की दोन्हींवर मिनिटभर पूर्ण जोर लावायचा आणि सरासरी बघायची. तो घट्ट चड्डी घालून आला होता. काकूंनी एकदा त्या चड्डीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे, मी बघतेय का ते बघायला.

पहिला जर्मन. तो सायकलवर चढला आणि नेमका माझ्या आईचा फोन आला. मी भिंतीवरच्या हेल्मेटांकडे तोंड करून फोन घेतला. काय म्हणाला, आई विचारत होती. मी सांगितलं, अजून काही म्हणाला नाही, सायकलवर बसलाय. कुठे निघालाय, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, कुठेच नाही. त्यावर आई म्हणाली की जळगावचे लोक चार वाजल्यापासून घरी असतील.

फोन ठेवून मी वळले तेव्हा निनाद उतरून घाम पुसत होता. पडद्यावर दोनशे एकतीस.

मग पाणी पिऊन, दम खाऊन तो अमेरिकनवर चढला. आता मला करण्यासारखं काही नव्हतं म्हणून मी बघत उभी राहिले. तो पॅडल मारायला लागला. कान लाल झाले, कपाळावर शीर उठली, तोंडाचा आ झाला. मुलगी बघायला आलेला मुलगा इतका वेंधळा दिसू देत नाही स्वतःला. मला हसू आलं आणि त्याच वेळी फार बरं वाटलं. या माणसाला नकार देण्यापेक्षा त्याचा नकार ऐकणं सोपं जाईल, असं वाटून गेलं, आणि मग माझा मलाच राग आला.

मिनिट संपलं. दोनशे अडुसष्ट.

निनाद पडद्याकडे बघतच राहिला. एका टक्क्याचा दावा, आणि फरक एवढा. दोघांपैकी एक यंत्र खोटं बोलत होतं. चांदवडकर म्हणाले, दुसऱ्यावर तुम्ही जोर जास्त लावला असेल. निनादनं ते उडवून लावलं. दुसऱ्यांदा तर पाय दमलेले होते, आकडा खाली यायला हवा होता. म्हणजे अमेरिकन वाढवून सांगतो. किंवा जर्मन चोरतो. मग त्यानं चेनचं तेल बघितलं, दोन्ही यंत्रं फिरवून शून्यावर आणली, पंखा बंद करून बघितला, पुन्हा लावला. काकू स्टुलावर बसून माझ्याकडे बघत होत्या. घड्याळ पुढे जात होतं, आणि माझ्या विषयाला अजून कोणी हात घातला नव्हता.

मी अंबडच्या एका औषधाच्या कंपनीत क्वालिटीला होते. न राहवून मी म्हटलं, आमच्याकडे दोन काटे जुळले नाहीत तर ठरलेलं एकच वजन दोन्हींवर ठेवून बघतात.

निनादनं माझ्याकडे असं बघितलं की क्षणभर मला वाटलं, आता हा माणूस लग्नाचं विचारतो.

"मग तुम्ही बसा," तो म्हणाला. "एका लयीत मारा. जोर नका लावू."

तर मी पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधून बसले. आयुष्यातला सर्वांत मोठा निर्णय व्हायच्या दिवशी माझी नेमणूक वजनाच्या मापावर झाली होती. जर्मनवर मी पॅडल मारलं, अमेरिकनवर मारलं, आणि मारताना मनात त्या माणसाला जे जे ऐकवायचं होतं ते एका लयीत ऐकवत होते. तो सबंध वेळ पडद्याकडे बघत होता. एकदाही माझ्याकडे नाही.

"दम बरा आहे हिला," काकू चांदवडकरांना म्हणाल्या.

जर्मनवर एकशे अठरा, अमेरिकनवर एकशे एकोणीस.

"म्हणजे दोन्ही बरोबर आहेत," निनाद म्हणाला. तो अगदी हवालदिल झाला होता. "मग चूक आहे कुठे?"

मी उतरले. ओढणी सोडली, पर्स उचलली आणि चप्पल सरळ केली. भांडायचीही हौस उरली नव्हती. सायकलच्या दुकानात रडायचं नाही एवढं मी ठरवलं होतं. मला उशीर होतोय, आई वाट बघतेय, असं काहीतरी मी पुटपुटले. जळगावला काय म्हणायचं ते आता ठरलेलंच होतं.

"चूक तुझ्यात आहे," काकू म्हणाल्या. त्या निनादशी बोलत होत्या. "पहिल्या वेळी ही तिकडे तोंड करून फोनवर होती. दुसऱ्या वेळी तुझ्याकडे बघत होती."

काकूंचं म्हणणं खोडून काढणं शक्य नव्हतं. मी कुठे बघत होते याची सकाळपासूनची पक्की माहिती एकट्या त्यांच्याकडेच होती. मुलाची आई दुसरं काय करत असते.

निनादनं आईकडे बघितलं. मला वाटलं, आता लाजेल, हसेल, विषय बदलेल. तो विचार करत होता. आयुष्यभर तो जसा करत आला होता तसाच, पण या वेळी घाईघाईनं.

"तुम्ही एक मिनिट पाठ करून उभ्या राहाल?" त्यानं मला विचारलं. "एवढंच करा, मग जा."

मी पुन्हा हेल्मेटांकडे तोंड करून उभी राहिले. मी तेव्हा इतकी संतापले होते की का उभी राहिले ते मला आजही सांगता येणार नाही. मागे यंत्र घुमायला लागलं, पॅडलचा आवाज चढत गेला, तो धापा टाकत होता. मग सगळं थांबलं.

"कुठलं होतं?" मी न वळता विचारलं.

"अमेरिकन. दोनशे एकोणतीस." त्याला धड बोलताही येत नव्हतं. "आता इकडे बघा. जर्मन घेतो."

चांदवडकर म्हणाले, अहो, चौथी खेप आहे, पाय गेले असतील तुमचे, दहा मिनिटं बसा. त्यानं ऐकलं नाही. तो जर्मनवर चढला आणि मी बघितलं. या वेळी सगळेच बघत होते, काकू स्टुलावरून उठून माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या होत्या. तो मान खाली घालून मारत होता, घाम टपटप गळत होता, आणि शेवटच्या काही सेकंदांत त्यानं मान वर केली. पडद्याकडे बघितलं नाही. मी बघतेय ना, ते बघितलं.

दोनशे सहासष्ट.

निनाद सायकलवरून उतरला, की पडला, कसं म्हणावं. चांदवडकरांचा हात धरून तो उभा राहिला आणि त्याचा चेहरा आनंदानं फुलून गेला होता. सकाळपासून छळणारं कोडं सुटलं होतं.

"दादा, मशीनमध्ये काही फरक नाहीये," तो चांदवडकरांना सांगायला लागला. दुकानात एव्हाना आणखी दोन-तीन गिऱ्हाइकं आली होती, तीही ऐकत होती. "फरक यांच्यामुळे पडतोय. ह्या बघत नसतात तेव्हा मी दोनशे तीसचा आहे. बघतात तेव्हा सदतीस वॅट जास्त. आधी सदतीस, आताही सदतीसच. मशीन बदलून, दमलेल्या पायांनी. दोन्ही वेळा."

एवढं बोलून तो थांबला. आपण काय बोललो ते त्याच्या कानांपर्यंत पोचायला थोडा वेळ लागला. कान आधीच लाल होते, ते आणखी लाल झाले. काकूंनी पदर नीट केला आणि त्या उगाचच एका टायरकडे बघायला लागल्या. एका गिऱ्हाइकानं हसू दाबलं. चांदवडकर जन्मभर हेच ऐकायला दुकान चालवत असावेत अशा चेहऱ्यानं उभे होते.

माझं काय झालं ते सांगते. इतक्या लोकांसमोर, इतक्या वाईट कपड्यांत, इतका घामानं निथळणारा माणूस आपल्याबद्दल असं काही बोलेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. आणि तो ते मला खूश करायला बोलला नव्हता. त्याला खोटं बोलताच आलं नसतं. पडताळून पाहिल्याशिवाय तो बोललाच नसता. मला इतका आनंद झाला की पर्स खाली ठेवावी लागली.

"पण मग," निनाद अगदी हळू आवाजात म्हणाला, माझ्याकडे न बघता, "दोन्ही सारखेच निघाले. आता घ्यायचा कुठला?"

"कुठलाही घ्या," मी म्हटलं. "बघायला मी आहे."

काकूंनी टायर सोडून माझ्याकडे बघितलं. निनादनं टॉवेलनं तोंड पुसलं, पुन्हा पुसलं. मग त्याच्या कपाळावर आठी आली. मला वाटलं, झालं, आता हा वेळ मागणार.

"तुम्ही कायम बघणार असाल," तो म्हणाला, आणि त्याला खरोखरच काळजी पडली होती, "तर माझे सगळे आकडे वाढीव येतील."

"येऊ देत," मी म्हटलं.